शुद्ध तेलाला वास नसतो, मागही उरत नाही

दोन वेगवेगळ्या रिफायनऱ्यांतून आलेले अत्यंत शुद्ध बेंझीन दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवा. उत्कलनबिंदू तोच, घनता तीच, रेणूही तोच. पहिल्या बाटलीतले बेंझीन कोणत्या द्रावकाने वेगळे केले आणि दुसऱ्या बाटलीतले कोणत्या, हे बाटलीकडे पाहून सांगता येणार नाही. शुद्धीकरण जितके चोख, तितका त्याचा माग कमी. रसायनतज्ज्ञाच्या दृष्टीने हा गुण आहे. पेटंटच्या न्यायालयात मात्र तोच सर्वांत मोठा अडसर ठरतो. आपली प्रक्रिया दुसऱ्याने उचलली, असे म्हणणाऱ्याकडे दाखवण्यासाठी असते ती फक्त बाटली. प्रक्रिया कुंपणापलीकडे, मनोऱ्यांच्या आणि नळ्यांच्या आत दडलेली असते.

हायड्रोकार्बनच्या शुद्धीकरणावरून झालेल्या पेटंटच्या भांडणांना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. भांडण क्वचितच तेलावरून होते. ते होते शब्दांवरून, तापमानाच्या आकड्यांवरून आणि ‘सिद्ध कोणी करायचे’ या प्रश्नावरून. आपल्या देशाने या क्षेत्रात उत्पादनावरील मक्तेदारीचे दार विचारपूर्वक लावून घेतले आणि प्रक्रियेवरील हक्काचे दार उघडे ठेवले. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. परंतु त्या उघड्या दारातून आत गेलेल्या संशोधकाला आपला हक्क सिद्ध करण्याचे पुरेसे साधन आपण दिलेले नाही. त्यामुळे भारतीय प्रयोगशाळांचे प्रक्रिया-पेटंट हे बऱ्याच अंशी भिंतीवर लावायचे मानपत्र होऊन बसण्याचा धोका आहे. हे म्हणणे सविस्तर मांडायचे तर थोडे रसायन, थोडा इतिहास आणि थोडा कायदा लागेल. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या श्वासाशी निगडित आहे.

शुद्धीकरण म्हणजे नेमके काय

कच्चे तेल हे हजारो संयुगांचे मिश्रण असते. त्यातून पेट्रोल, डिझेल, केरोसीन वेगळे करणे हे ऊर्ध्वपातनाचे काम. ते झाले तरी गंधक, नायट्रोजन आणि नको असलेली सुगंधी संयुगे मागे राहतातच. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. आकडा लहान दिसतो. पण हे शेवटचे ४० भाग काढणे हे आधीचे शेकडो भाग काढण्याहून कितीतरी अवघड असते.

कारण रेणूच्या रचनेत आहे. डिझेलमधले गंधक शेवटी डायबेंझोथायोफीनच्या कुळातील संयुगांत लपून राहते. त्यांपैकी काहींत गंधकाच्या अणूच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट पहाऱ्यावर उभे असतात. कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकाला त्या गंधकापर्यंत पोहोचताच येत नाही. तापमान वाढवावे तर भलत्याच अभिक्रिया सुरू होतात, हायड्रोजन वाया जातो आणि उत्प्रेरक लवकर निकामी होतो. बेंझीनची गोष्ट वेगळी, पण तितकीच कठीण. ते कर्करोगकारक असल्याने पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते. ते सुमारे ८० अंश सेल्सियसला उकळते आणि त्याच सुमारास उकळणारी इतर संयुगेही त्या प्रवाहात असतात. नुसत्या ऊर्ध्वपातनाने ती सुटी होत नाहीत. मग सल्फोलेन किंवा एन-मिथाइल पायरोलिडोन यांसारखा निवडक द्रावक हाती घ्यावा लागतो.

या क्षेत्रातला शोध बहुधा नव्या पदार्थाचा नसतो. तो असतो एका अरुंद खिडकीचा: एवढे तापमान, एवढा दाब, द्रावकात एवढे पाणी, उत्प्रेरकाच्या छिद्रांचा एवढा आकार. खिडकीच्या बाहेर गेले की प्रक्रिया महाग होते किंवा बंद पडते. त्या खिडकीची चौकट शब्दांत पकडणे म्हणजे पेटंटचा हक्कदावा लिहिणे. सारे खटले या चौकटीवरूनच होत आले आहेत.

यंग, मेरिल आणि एक निसरडा शब्द

खनिज तेलाच्या विहिरी येण्यापूर्वी दिव्याचे तेल दगडी कोळशापासून काढले जाई. स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. डांबरयुक्त कोळसा मंद आचेवर तापवायचा, निघालेले तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करायचे, गंधकाम्लाने आणि कॉस्टिक सोड्याने धुवायचे आणि त्यातून पॅराफिन मिळवायचे, अशी ती प्रक्रिया. बाथगेट येथील त्यांचा कारखाना भरभराटीला आला आणि भांडणेही लगेच सुरू झाली.

पहिले मोठे भांडण पेटंटवरून नव्हतेच, पण त्याने पेटंटच्या मुळालाच हात घातला. यंग ज्या खनिजापासून तेल काढत, त्या टॉर्बेनहिलच्या खनिजाला ‘कोळसा’ म्हणायचे की नाही? खाणीच्या भाडेकरारावरून १८५३ मध्ये एडिंबरात हा खटला चालला. भूगर्भतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि सूक्ष्मदर्शक घेऊन आलेले तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी साक्ष देऊन गेले. एवढे सगळे विज्ञान समोर मांडूनही एकमत झाले नाही. अखेर ज्यूरीने तो कोळसा ठरवला. यंग यांच्या पेटंटात ‘डांबरयुक्त कोळसा’ असे शब्द होते, तेव्हा त्या ज्यूरीच्या निर्णयावर त्यांचे किती अवलंबून होते हे सहज लक्षात येईल.

पुढे वेल्समधील फर्नी यांच्याविरुद्ध यंग यांनी खटला भरला. प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. पॅराफिन तर रायशेनबाख यांनी १८३० मध्येच लाकडाच्या डांबरात शोधले होते, फ्रान्समध्येही शेलपासून तेल काढले जात होते, मग यंग यांनी नवे काय केले? न्यायालयाने १८६४ मध्ये यंग यांच्या बाजूने कौल दिला. प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थ दाखवणे वेगळे आणि तो बाजारात पिंपांनी पुरवता येईल अशी प्रक्रिया घडवणे वेगळे, हा विचार त्या निर्णयामागे होता. पण चौदा वर्षांची मुदत त्याच वर्षी संपली. हक्क निर्विवाद सिद्ध झाला आणि काही महिन्यांत तो उरलाच नाही.

यंग यांच्या पेटंटाचे हात अटलांटिकपलीकडेही पोहोचले होते. बोस्टनच्या डाउनर कंपनीला त्यांचा परवाना घ्यावा लागला होता. त्याच कंपनीतील जोशुआ मेरिल यांनी पुढे स्वतःचा शोध लावला. जड वंगणतेलांना येणारा उग्र दर्प ज्या घटकांमुळे येतो, ते काळजीपूर्वक ऊर्ध्वपातनाने काढून टाकण्याची रीत त्यांनी बसवली. १८६९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्यातील हक्कदाव्याचा मुख्य शब्द होता ‘नवे मॅन्युफॅक्चर’. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात: तयार करण्याची रीत आणि तयार झालेली वस्तू.

योमन्स नावाच्या व्यापाऱ्यांनी तसेच गंधहीन तेल विकायला आणले. ते वेगळ्या रीतीने तयार केलेले होते. मेरिल यांचे म्हणणे असे की वस्तूच माझी आहे, रीत कोणतीही असो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ च्या सत्रात हे म्हणणे फेटाळले. संपूर्ण वर्णन प्रक्रियेचे असताना एका संदिग्ध शब्दाच्या आधारे वस्तूवर मक्तेदारी सांगता येणार नाही. आपण काय शोधले आणि कशावर हक्क मागतो हे स्पष्ट लिहिण्याची जबाबदारी शोधकाचीच आहे, असा त्या निर्णयाचा गाभा. आज जगभर पेटंटचे हक्कदावे ज्या काटेकोरपणे लिहिले जातात, त्या शिस्तीच्या मुळाशी असलेल्या निकालांत दुर्गंध गेलेल्या तेलाचा हा खटला गणला जातो.

जर्मनांनी शोधलेली पळवाट आणि आपला मार्ग

वस्तूवर हक्क नाही आणि प्रक्रिया भिंतीआड. मग शोधकाने करायचे काय? या पेचावर पहिले उत्तर जर्मनीने काढले. तिथल्या १८७७ च्या कायद्याने रासायनिक पदार्थांवर पेटंट नाकारले आणि फक्त प्रक्रियेला संरक्षण दिले. हेतू असा की एकाच पदार्थाकडे जाणाऱ्या अनेक वाटा लोकांनी शोधाव्यात. १८९१ मध्ये त्यात भर पडली. पेटंट घेतलेल्या प्रक्रियेतून थेट मिळालेल्या पदार्थालाही संरक्षण मिळाले. पदार्थ नवा असेल, तर तो त्याच प्रक्रियेने केला असे गृहीत धरले जाईल आणि तसे नाही हे प्रतिवादीने सिद्ध करावे, अशी तरतूद झाली. रंगद्रव्यांच्या उद्योगात जर्मनीने जी आघाडी घेतली, तिच्या अनेक कारणांत या कायद्याचाही उल्लेख होतो.

आपल्याकडे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने हीच वाट सुचवली. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. रासायनिक प्रक्रियांनी तयार होणाऱ्या पदार्थांवर त्याने पदार्थाचे पेटंट बंद केले आणि प्रक्रियेचे चालू ठेवले. भारतीय औषधउद्योग याच मोकळीकीत वाढला. जागतिक व्यापार कराराची पूर्तता म्हणून १ जानेवारी २००५ पासून रासायनिक पदार्थांनाही पेटंट मिळू लागले. मात्र त्याच वेळी कलम ३(डी) अधिक कडक करण्यात आले.

या कलमाची चर्चा होते ती औषधांच्या संदर्भात. नोव्हार्टिसचा २०१३ चा निकाल सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे स्पष्टीकरण वाचले तर क्षार, एस्टर, समघटक यांच्या यादीत दोन शब्द आढळतात: ‘शुद्ध रूप’. ज्ञात पदार्थाचे शुद्ध रूप हा तोच पदार्थ मानावा, गुणकारकतेत लक्षणीय फरक असेल तरच वेगळा, असे कायदा म्हणतो. न्यायालयाने औषधाच्या बाबतीत गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता असा अर्थ लावला. पॅराझायलीनची किंवा हेक्झेनची गुणकारकता कशाला म्हणायचे? थोडक्यात, शुद्ध केलेल्या ज्ञात हायड्रोकार्बनवर पदार्थ म्हणून हक्क मिळवणे भारतात जवळजवळ अशक्य आहे. मला हे न्याय्य वाटते. निसर्गाने घडवलेल्या रेणूवर, केवळ तो धुऊन घेतला म्हणून, कोणाचे नाव कोरले जाऊ नये.

राहिली प्रक्रिया. तेच कलम पुढे म्हणते की ज्ञात प्रक्रियेचा केवळ वापर हा शोध नव्हे, जोवर त्यातून नवे उत्पादन मिळत नाही किंवा तीत किमान एक नवा अभिकर्मक नाही. आता शुद्धीकरणाकडे पाहा. त्याचे उत्पादन नवे असूच शकत नाही. मुळात होता तोच पदार्थ सुटा करायचा आहे. द्रावकही बहुधा ज्ञात असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, भांडी घडवणाऱ्या यंत्राच्या खटल्यात, कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेला शोध म्हणता येणार नाही असे बजावले होते. हे तत्त्व योग्य आहे, पण गंधकाचे शेवटचे कण काढणाऱ्या संशोधकाला ‘तुम्ही फक्त दाब आणि तापमान बदलले’ असे ऐकवायलाही ते वापरता येते. तेव्हा त्याला दाखवावे लागते की आपण ज्ञात प्रक्रिया नुसती वापरलेली नाही, तिच्यात अनपेक्षित परिणाम देणारा बदल घडवला आहे.

पेटंट मिळाले, पुढे काय?

समजा, हे सारे पार पडले आणि पेटंट हाती आले. कलम ४८(बी) नुसार त्या प्रक्रियेचा वापर रोखता येतो, तिच्यातून थेट मिळालेला माल विकणे आणि आयात करणेही रोखता येते. मेरिल यांना हे कलम हवेहवेसे वाटले असते. पण तो माल त्याच प्रक्रियेतून निघाला हे दाखवायचे कसे?

त्यासाठी २००२ च्या दुरुस्तीने कलम १०४-ए आले. काही परिस्थितींत न्यायालय प्रतिवादीला सांगू शकते की तुमची प्रक्रिया वेगळी आहे हे तुम्हीच सिद्ध करा. त्यासाठी दोन पर्यायी अटी आहेत. पहिली, उत्पादन नवे असावे. शुद्ध बेंझीन नवे नाही, तेव्हा हे दार बंद. दुसरी, माल पेटंटच्या प्रक्रियेनेच केला असल्याची बरीच शक्यता असावी आणि वाजवी प्रयत्न करूनही प्रत्यक्ष प्रक्रिया कोणती ते कळू शकले नसावे. शिवाय आपल्या प्रक्रियेचे उत्पादन आणि समोरच्याचे उत्पादन एकरूप आहे हे आधी वादीने सिद्ध करायचे. बेंझीनच्या बाबतीत एकरूपता दाखवणे अगदी सोपे, आणि म्हणूनच निरर्थक. जगातले सारे शुद्ध बेंझीन एकरूपच आहे. त्यातून ‘बरीच शक्यता’ कशी उभी राहणार? नव्या पदार्थांसाठी घडवलेले हे साधन जुन्या पदार्थांच्या शुद्धीकरणात नेमके बोथट होते.

त्यातून प्रक्रिया उघड झाली, तरी पेच संपत नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये एफएमसी आणि नॅटको यांच्यात एका कीटकनाशकाच्या प्रक्रिया-पेटंटवरून वाद झाला. पेटंटात एका टप्प्यावर सल्फोनिल क्लोराइड होते, नॅटको थायोनिल क्लोराइड वापरत होती. ही प्रक्रिया पेटंटच्या कक्षेत येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. क्षेत्र वेगळे असले तरी धडा शुद्धीकरणालाही लागू पडतो: जो अभिकर्मक तुम्ही दाव्यात लिहिला नाही, त्यावर नंतर हक्क सांगणे कठीण.

‘बरेच आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. पेटंटचा अंमल सैल असेल तर त्यात भारताचे भलेच नाही का? तंत्रज्ञान बहुतांशी परदेशी आहे. कुंपणे जितकी कमकुवत, तितके आपले उद्योग मोकळे.

इतिहासात या आक्षेपाला आधार आहे. शुद्धीकरणाच्या शेजारच्या, म्हणजे जड रेणू तोडून पेट्रोल वाढवण्याच्या भंजन प्रक्रियेत, युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स या कंपनीने अमेरिकेत अनेक खटले लढवले. रूट रिफायनिंग कंपनीविरुद्ध तिला १९३५ मध्ये मिळालेला निकाल फसवणुकीने मिळवला होता, असे ठरवून त्याच अपील न्यायालयाने तो १९४४ मध्ये रद्द केला. युनोकलचे उदाहरण आणखी अलीकडचे. कॅलिफोर्नियात स्वच्छ पेट्रोलची मानके ठरत असताना ही कंपनी नियामकाशी चर्चेत सामील होती आणि त्याच सुमारास त्या मिश्रणांवर पेटंटचा अर्ज करून मोकळी झाली होती. मानके लागू होण्याच्या तोंडावर पेटंट जाहीर झाले. १९९७ मध्ये ज्यूरीने दर गॅलनला पावणेसहा सेंट भरपाई ठरवली. पुढे सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २००५ मध्ये शेव्हरॉनने कंपनी विकत घेताना हे पेटंट न वापरण्याचे मान्य केल्यावर प्रकरण मिटले. स्वच्छ हवेच्या नियमालाच खंडणीचे साधन बनवता येते, हे त्यातून जगाला कळले. असा अतिरेक आपल्याकडे नको.

तरीही हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. पहिले कारण असे की सैल अंमलाचा फायदा आपण समजतो तितका मिळत नाही. रिफायनरी परवाना विकत घेते तो मुख्यतः पेटंटच्या भीतीने नव्हे. तिला हवी असते हमी: एवढे तेल घाला, एवढ्या शुद्धतेचे एवढे मिळेल, न मिळाल्यास आम्ही जबाबदार. मोठे परदेशी परवानादार ती हमी, उत्प्रेरक आणि अनुभव एकत्र विकतात. पेटंट सैल झाले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ज्याच्याकडे पेटंटाशिवाय दुसरे काही नसते त्याचे, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांचे आणि लहान कंपन्यांचे.

दुसरे कारण असे की आपण आता केवळ तंत्रज्ञानाचे गिऱ्हाईक राहिलेलो नाही. देशाची शुद्धीकरणक्षमता वर्षाला सुमारे २५ कोटी टनांवर गेली आहे. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने रिलायन्सबरोबर पेट्रोलच्या प्रवाहातून बेंझीन काढण्याची प्रक्रिया विकसित केली आणि ती जामनगरला प्रत्यक्ष वापरात आली. त्याच संस्थेने इंजिनिअर्स इंडिया आणि नुमालीगड रिफायनरी यांच्यासह मेण शुद्ध करण्याचे तंत्र आसामात उभे केले. त्या प्रकल्पाचे २०१६ मध्ये लोकार्पण झाले. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने अधिशोषणाने गंधक काढण्याचे ‘इंडअ‍ॅडेप्ट’ तंत्र गुवाहाटी रिफायनरीत आणले. चीनच्या सायनोपेकने २००७ मध्ये अधिशोषणाचेच ‘एस झॉर्ब’ तंत्र कोनोकोफिलिप्सकडून पेटंटांसकट विकत घेतले आणि पुढे आपल्या रिफायनऱ्यांत सुधारत नेले. ज्याच्याकडे स्वतःची प्रक्रिया आहे, त्याला तिचे रक्षण करता आले पाहिजे. आपण आता त्या रांगेत उभे आहोत.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेटंट हा एक सौदा आहे: तू सगळे सांग, समाज तुला वीस वर्षांचा हक्क देईल. हक्क सिद्धच करता येणार नसेल, तर शहाणा माणूस सांगेल कशाला? तो खिडकीची खरी मापे व्यापारी गुपित म्हणून तिजोरीत ठेवील आणि पेटंटात मोघम आकडे लिहील. मग नुकसान पुढच्या विद्यार्थ्याचे होते. सार्वजनिक पैशाने चालणारी प्रयोगशाळा गुपित ठेवू लागली, तर ज्याच्या करातून ती चालते त्याच्यापासूनच ज्ञान लपवल्यासारखे होईल.

तीन सुधारणा

मक्तेदारी वाढवा, असे मी म्हणत नाही. कलम ३(डी) ला हात लावू नये. हवी आहे ती प्रकाशाची सोय. त्यासाठी नवा कायदाही फारसा लागणार नाही.

पहिली गोष्ट न्यायालयातली. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाले आणि त्यातील तांत्रिक सदस्यांची जागाही गेली. पण कलम ११५ न्यायालयाला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमण्याचा अधिकार देते. शुद्धीकरणाच्या खटल्यात अशा सल्लागाराने गुप्ततेच्या बंधनाखाली रिफायनरीत जावे, प्रवाहांचे आराखडे आणि नोंदवह्या पाहाव्यात आणि एवढेच सांगावे की प्रक्रिया दाव्याच्या चौकटीत बसते की नाही. प्रतिस्पर्ध्याला काही कळण्याची गरज नाही. कलम १०४-ए स्वतःच प्रतिवादीच्या व्यापारी गुपितांची काळजी घ्यायला सांगते. शिवाय ‘वाजवी प्रयत्न’ या शब्दांत काय बसते, हेही न्यायालयांनी स्पष्ट करावे. पर्यावरण मंजुरीसाठी दिलेल्या अहवालांत संयंत्रांचे वर्णन असते, सरकारी रिफायनऱ्यांच्या निविदा जाहीर असतात. वादीने हे सारे तपासूनही उत्तर मिळाले नसेल, तर प्रयत्न पुरेसे झाले असे मानून सिद्धतेचा भार पलीकडे जावा.

दुसरी गोष्ट पेटंट कार्यालयातली. पेटंटधारकाने आपला शोध देशात वापरात आहे की नाही याचे निवेदन द्यायचे असते. पूर्वी ते दरवर्षी द्यावे लागे, मार्च २०२४ च्या नियमबदलानंतर ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे आहे. कागदपत्रांचा जाच कमी झाला हे खरे, पण प्रक्रिया-पेटंटाच्या बाबतीत हीच तेवढी उघड नोंद असते. निदान सार्वजनिक निधीतून झालेल्या शोधांची माहिती दरवर्षी जाहीर व्हावी: कोणती प्रक्रिया कोठे चालू आहे, कोणती कागदावरच आहे आणि का.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळांतली. मेरिल एका शब्दामुळे हरले. आपल्याकडे शोधनिबंध लिहिण्याचे शिक्षण मिळते, हक्कदावा लिहिण्याचे मिळत नाही. तापमानाचा पल्ला लिहिताना त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्यक्ष प्रयोग केलेला असावा, पर्यायी द्रावकांची नावे दाव्यात असावीत, अनपेक्षित परिणामाचे आकडे तुलनेसह द्यावेत. शक्य असेल तिथे प्रक्रियेची एखादी ओळखखूणही नोंदवावी. अत्यंत शुद्ध पदार्थातही अब्जांश प्रमाणात द्रावकाचे अवशेष उरू शकतात. ते मोजून पेटंटात लिहून ठेवले, तर पुढे ‘बरीच शक्यता’ दाखवायला तेवढा आधार मिळेल. हे काम वकिलावर सोपवून चालणार नाही. ते प्रयोग करणाऱ्यानेच करायला हवे.

भांडणातून उभा राहिलेला निधी

युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्सची आणखी एक हकिगत सांगण्यासारखी आहे. तिच्या पेटंटांच्या जाचातून सुटण्यासाठी काही बड्या तेलकंपन्यांनी १९३१ मध्ये ती कंपनीच अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे मक्तेदारीविरोधी कारवाईचे सावट आले, तेव्हा १९४४ मध्ये त्यांनी तिची मालकी एका न्यासाकडे दिली आणि लाभार्थी म्हणून अमेरिकन केमिकल सोसायटीची नेमणूक केली. त्यातून पेट्रोलियम संशोधन निधी उभा राहिला. पेटंटच्या भांडणांत मिळालेला पैसा पुढच्या पिढ्यांच्या मूलभूत संशोधनाकडे वळला.

आपल्याला तशा भांडणांची गरज नाही, पण त्या शेवटाची आहे. डेहराडून आणि फरिदाबादच्या प्रक्रियांना परवान्यातून मिळणारा पैसा निश्चित वाटा ठरवून विद्यापीठांतील रसायन-अभियांत्रिकीच्या संशोधनाकडे वळवता येईल. त्यासाठी आधी परवाना घेणे भाग पडावे, इतके तरी वजन पेटंटाला असले पाहिजे. शुद्ध तेलाला वास नसतो, हे संशोधकाचे कौशल्य. ते कोणाच्या श्रमाने शुद्ध झाले याचा माग ठेवणे हे कायद्याचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी कलमे पुस्तकात आधीच छापलेली आहेत.